ज्यूरीचे समन्स आले तर

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विषय : अमेरिकेत ज्यूरीच्या कामासाठी येणारे समन्स आणि त्याविषयीचे गैरसमज

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला येणारे आई-वडील, इथे व्हिसावर नोकरी करणारे तरुण आणि नागरिकत्व घेऊन स्थिरावलेली कुटुंबे असे तिन्ही प्रकारचे मराठी वाचक आपले वृत्तपत्र इंटरनेटवर नेमाने वाचतात, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. या तिन्ही गटांत एका सरकारी लिफाफ्याविषयी कमालीचे गैरसमज आहेत. तो लिफाफा म्हणजे ज्यूरीच्या, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाच्या, कामासाठी हजर राहण्याचे न्यायालयाचे समन्स. ज्यांनी घाबरण्याचे कारण नाही ते घाबरतात, ज्यांनी ताबडतोब उत्तर द्यायला हवे ते लिफाफा रद्दीत टाकतात आणि ज्यांनी जायलाच हवे ते न जाण्याच्या युक्त्या व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत बसतात. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या मंडळींबद्दल. पण ती समजावी म्हणून समन्स आल्यावर प्रत्यक्षात काय घडते ते आधी सांगणे भाग आहे. मी न्यू जर्सी राज्यातील मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा) राहते, त्यामुळे माझा तपशील मुख्यतः या राज्याचा आहे. दर राज्याचे नियम थोडेफार निराळे असतात आणि संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयांचे आणखी निराळे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले त्या घरांत न्यायालयाचा शिक्का असलेला कागद पाहून धडकी भरली तर नवल नाही. मात्र हे समन्स आले म्हणजे कोणी आपल्यावर खटला भरला आहे किंवा आपल्याला साक्षीला बोलावले आहे असे नव्हे. मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स असलेल्यांची यादी, राज्याचा प्राप्तिकर भरणाऱ्यांची यादी अशा याद्या एकत्र करून त्यांतून संगणक कोणत्याही क्रमाविना नावे उचलतो आणि ज्यांची नावे निघतील त्यांना पत्र जाते. त्यात हजर राहण्याची तारीख, आपला ज्यूरर क्रमांक आणि भरून पाठवायची एक प्रश्नावली असते. ही प्रश्नावली आता बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या संकेतस्थळावरच भरता येते. वय १८ पूर्ण आहे का, अमेरिकेचे नागरिक आहात का, याच काउंटीत राहता का, इंग्रजी वाचता आणि समजता का, असे साधे प्रश्न त्यात असतात. प्रश्नावलीला ठरावीक मुदतीत उत्तर देणे सर्वांनाच बंधनकारक आहे, ज्यांना ज्यूरीवर बसता येत नाही त्यांनासुद्धा.

इथेच आपल्या तरुण मंडळींचा पहिला घोळ होतो. नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेल्या माणसाकडे ड्रायव्हिंग लायसन्स असते आणि तो करही भरतो, त्यामुळे त्याचे नाव यादीत येतेच. नागरिक कोण आणि कोण नाही हे त्या याद्यांवरून न्यायालयाला कळत नाही. मग हा तरुण ‘मी नागरिक नाही, मला कशाला बोलावतील, चुकून आले असेल’ असे म्हणून कागद बाजूला टाकतो. न्यायालयाच्या दफ्तरी मात्र त्याची नोंद उत्तर न देणारा माणूस अशी होते, आणि स्मरणपत्रे सुरू होतात. नागरिक नसल्याचे प्रश्नावलीत नमूद केले, मागितला असल्यास पुरावा जोडला, की विषय संपतो. त्याला हजर राहावे लागत नाही. दुसरा घोळ क्वचित होतो, पण तो फार महागात पडू शकतो. न्यायालयात कटकट नको म्हणून, किंवा घाईघाईत नीट न वाचता, काहीजण नागरिकत्वाच्या प्रश्नापुढे ‘होय’वर खूण करतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात नागरिक असल्याचा खोटा दावा करणे अत्यंत गंभीर मानले जाते आणि त्यापायी ग्रीन कार्ड किंवा पुढचे नागरिकत्व अडकू शकते. नागरिकत्वाच्या अर्जातच असा दावा कधी केला होता का हा प्रश्न विचारलेला असतो. तेव्हा खूण चुकली असेल तर ज्यूरीच्या कचेरीला लगेच लेखी कळवावे आणि इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांनी मात्र मुलाच्या नावाचे असे पत्र पाहून झोप उडवून घेऊ नये. पत्र फेकले जाणार नाही एवढे पाहिले तरी त्यांचे काम झाले.

आता नागरिकांविषयी. नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी आपण सगळे जी प्रश्नोत्तरे घोकतो, त्यांत फक्त नागरिकांवरच असलेली जबाबदारी कोणती, असा एक प्रश्न माझ्या वेळी होता, आणि त्याच्या मान्य उत्तरांत मतदानाबरोबर ज्यूरीचे काम होते. मुलाखतीत ते उत्तर खणखणीत आवाजात देणारी माणसे पुढे समन्स आले की तेच उत्तर सोयीस्करपणे विसरतात. वास्तविक खऱ्या अडचणींसाठी नियमांत भरपूर जागा आहे. न्यू जर्सीत वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मागितल्यास सूट मिळते. ती आपोआप मिळत नाही, आणि ज्यांना काम करायची इच्छा आहे त्यांना वयामुळे कोणी अडवतही नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असून त्याची देखभाल करायला दुसरे कोणी नसेल, प्रकृती साथ देत नसेल, हजर राहण्याने पोटावर गंभीर पाय येणार असेल किंवा अलीकडेच ज्यूरीचे काम केलेले असेल, तर तसे लिहून, लागेल तो दाखला जोडून सूट मागता येते. नुसती तारीख गैरसोयीची असेल तर तारीख पुढे ढकलून मागावी. पहिल्यांदा ती विनंती सहसा मान्य होते. लेकीचे बाळंतपण, परीक्षा, आधी काढलेली भारताची तिकिटे ही सगळी कारणे यात बसतात.

नागरिकत्व घेतलेल्या, पण वर्षातले काही महिने पुण्यात, नाशकात किंवा गोव्यात काढणाऱ्या ज्येष्ठांनी एक काळजी घ्यावी. इथल्या पत्रपेटीवर कोणीतरी लक्ष ठेवील अशी सोय करून जावी आणि समन्स आल्यास परतण्याची तारीख कळवून मुदत मागावी. जे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते ते) घेऊन कायमचे महाराष्ट्रात परतले आहेत त्यांनी आपण त्या काउंटीचे रहिवासी उरलो नाही एवढे कळवले की पुरते, कारण ज्यूरर त्याच काउंटीचा रहिवासी असावा लागतो. मात्र काहीच न कळवणे कोणालाच परवडणारे नाही. संघराज्याच्या न्यायालयात योग्य कारणाविना गैरहजर राहणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेचा हुकूम होऊ शकतो, आणि राज्यांच्या न्यायालयांतही दंडाची तरतूद असते. प्रत्यक्षात पहिल्याच चुकीला कोणाला तुरुंगात टाकत नाहीत हे खरे असले, तरी तो काही आपला आधार असू नये.

नोकरीची भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. ज्यूरीच्या कामाला गेला म्हणून मालकाला नोकराला कामावरून काढता येत नाही, त्याला धमकावता येत नाही. संघराज्याचा आणि राज्याचा असे दोन्ही कायदे या बाबतीत स्पष्ट आहेत. पगाराचे तसे नाही. खाजगी मालकाने त्या दिवसांचा पगार द्यावाच अशी सक्ती अनेक राज्यांत नाही, न्यू जर्सीतही नाही. मोठ्या कंपन्या सहसा देतात. दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा तासाच्या हिशेबाने राबणाऱ्याचा मात्र रोज बुडतो. न्यायालयाकडून मिळणाऱ्या मानधनाने ती तूट भरून निघण्यासारखी नसते. माझ्या वेळी न्यू जर्सीत पहिल्या तीन दिवसांसाठी दिवसाला ५ डॉलर आणि चौथ्या दिवसापासून ४० डॉलर असा दर होता; कॅलिफोर्नियात राज्याच्या न्यायालयांत पहिल्या दिवशी काहीच नाही आणि नंतर १५ डॉलर हा दर कित्येक वर्षे चालत आला; टेक्सासने २०२३ साली पहिल्या दिवसाचे २० आणि पुढच्या दिवसांचे ५८ डॉलर केले; संघराज्याच्या न्यायालयात ५० डॉलर मिळतात. आमच्या काउंटीचे न्यायालय आहे त्या न्यू ब्रन्सविकला गाडीने जाऊन दुपारी कॉफी आणि सँडविच घेतले की ५ डॉलर केव्हाच संपतात. गरिबाला ज्यूरीवर बसणे परवडू नये अशी ही व्यवस्था आहे, आणि युक्त्या लढवण्यात खर्च होणारी आपली शक्ती या अन्यायाविरुद्ध आमदारांना पत्रे लिहिण्यात खर्च झाली तर तिचा काही उपयोग होईल.

समन्समध्ये दिलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी न्यायालयाचे संकेतस्थळ पाहावे किंवा ध्वनिमुद्रित निरोप ऐकावा लागतो. खटले तडजोडीने मिटतात, तारखा बदलतात, त्यामुळे आपला गट बोलावलाच नाही असेही घडते, आणि तेवढ्यावर त्या खेपेचे काम संपते. बोलावले असेल तर सकाळी विमानतळासारख्या तपासणीतून आत जायचे. चाकू, कात्री, अगदी भाजी चिरायची लहानशी सुरीसुद्धा डब्याबरोबर पिशवीत राहिली तर काढून घेतात. पुढे एक मोठे दालन असते, तिथे हजेरी लागते, न्यायालयाचे कामकाज समजावणारी एक चित्रफीत दाखवतात आणि मग प्रतीक्षा सुरू होते. एसटी स्टँडवर न लागलेल्या गाडीची वाट पाहणाऱ्यांचे चेहरे जसे असतात तसे चेहरे तिथे पाहायला मिळतात. पुस्तक, चार्जर, थोडे खायला आणि गारठा सोसवत नसेल तर स्वेटर बरोबर असावा. लॅपटॉपवर काम करता येते. दालनात जमलेल्या लोकांपैकी कितीतरी जणांना संध्याकाळपर्यंत कोणीही न बोलावता घरी पाठवतात. बहुतेक ठिकाणी आता एक दिवस किंवा एक खटला अशी पद्धत आहे. म्हणजे त्या दिवशी तुमची निवड झाली नाही तर पुढच्या काही वर्षांसाठी तुम्ही मोकळे. यातून वेगळी ती ग्रँड ज्यूरी. ती कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवत नाही, केवळ आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का ते पाहते. न्यू जर्सीत तिच्यावर २३ पर्यंत माणसे असतात, आरोप ठेवायला त्यांपैकी १२ जणांचे मत लागते आणि ती आठवड्यातून एखादा दिवस असे बरेच आठवडे बसते. तिचे समन्स आले तर रजेची तजवीज आधीच करावी.

नाव पुकारले गेले की त्या गटाला न्यायकक्षात नेतात आणि निवडीला सुरुवात होते. सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा भाग, आणि युक्त्यांचा बाजारही इथेच भरतो. आधी सर्वांना खरे बोलण्याची शपथ देतात. ज्यांना देवाच्या नावाने शपथ घ्यायची नसेल ते तशाच अर्थाची प्रतिज्ञा करतात. मग न्यायाधीश खटला कशाबद्दल आहे, आरोपी कोण, वकील कोण, साक्षीदार कोण हे थोडक्यात सांगतात आणि एकेकाला प्रश्न विचारतात. यांतल्या कोणाला ओळखता का? घरात कोणी पोलिसात आहे का? तुम्ही किंवा जवळचे कोणी अशा गुन्ह्याला बळी पडले आहे का? पोलिस अधिकारी साक्ष देतोय म्हणून ती जास्त खरी मानाल का, किंवा कमी? आरोपी स्वतः साक्षीला उभा राहिला नाही तर ते त्याच्या विरोधात धराल का? यानंतर न्यू जर्सीत माणसाची ओळख करून घेणारा एक लांबलचक प्रश्न असतो. काय काम करता, किती शिकलात, घरात कोण कोण आहे आणि ते काय करतात, टीव्हीवर काय पाहता, बातम्या कुठून मिळवता, मोटारीच्या मागे काही स्टिकर लावला असेल तर त्यावर काय लिहिले आहे, मोकळ्या वेळात काय करता, असे सारे त्या एका प्रश्नात येते. बातम्यांच्या ठिकाणी मी आपल्या वृत्तपत्राचे नाव घेतले तेव्हा न्यायाधीशांनी मला त्याचे स्पेलिंग विचारले, ते नीट लिहून घेतले आणि पत्र कोणत्या भाषेत निघते, तेही विचारले. शेजारच्या बाईंच्या गाडीवर मांजरांच्या अनाथाश्रमाचा स्टिकर होता, तोही तितक्याच गांभीर्याने नोंदवला गेला. या माहितीचा वकिलांना काय उपयोग होतो ते वकीलच जाणोत. पण जो माणूस दुसऱ्याच्या आयुष्याविषयी निर्णय देणार, त्याची एवढी तरी चौकशी व्हावी, हे मला योग्यच वाटले.

ज्याच्या उत्तरावरून तो निःपक्षपाती राहू शकणार नाही असे दिसते, त्याला न्यायाधीश कारण नोंदवून मोकळे करतात. त्याशिवाय दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येने काही जणांना कारण न देता वगळता येते; अॅरिझोना राज्याने मात्र २०२२ पासून ही सवलतच बंद केली. कोणाला वंशावरून वगळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच ठरवून टाकले आहे. आपल्याला वगळले तर तो अपमान समजू नये. माझ्याबरोबरच्या एका डॉक्टरांना जखमेच्या पुराव्यावर खटला उभा असल्यामुळेच बहुधा वगळले गेले, कारण खोलीत एक तज्ज्ञ असला की बाकीचे आपले डोके बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहू लागतात.

आता माझ्या तक्रारीकडे येते. आपल्या गटांतून जे सल्ले फिरतात ते असे : ‘इंग्रजी येत नाही म्हणून सांग’, ‘सगळे पोलिस खोटारडे असतात असे ठासून म्हण’, ‘आरोपीच्या चेहऱ्यावरूनच तो गुन्हेगार वाटतो असे म्हटलेस की लगेच सोडतात’. हे सगळे शपथेवर बोलायचे असते, हे सल्ला देणारा विसरतो. माझ्याच गटात आपल्याकडचे एक गृहस्थ होते. सकाळभर ते प्रतीक्षेच्या दालनात कानाला हेडफोन लावून अस्खलित इंग्रजीत कचेरीची बैठक चालवत होते, आणि न्यायकक्षात त्यांना इंग्रजी समजेनासे झाले. न्यायाधीश अजिबात चिडले नाहीत. त्यांनी हळू आवाजात कामाविषयी विचारायला सुरुवात केली. पहिल्या प्रश्नाला एक शब्द आला, दुसऱ्याला वाक्य आले आणि तिसऱ्याला गृहस्थ आपल्या प्रकल्पाची अडचण इतक्या सविस्तर सांगू लागले, की त्यांना थांबवावे लागले. न्यायकक्षात हशा पिकला. मला हसू आले नाही. ज्यांना खरोखरच इंग्रजी कामापुरते येत नाही अशा आपल्याच वयस्कर माणसांच्या खऱ्या अडचणीवर उद्या विश्वास ठेवला जाणार नाही तो अशांमुळे. दुसऱ्याचा न्याय करणारी मी कोण, असे ज्यांना श्रद्धेने वाटते, त्यांनी तसे प्रामाणिकपणे सांगावे. न्यायाधीश ते शांतपणे ऐकून घेतात आणि पुष्कळदा मान्यही करतात.

निवड झालेल्यांना खटला संपेपर्यंत कडक बंधने पाळावी लागतात. खटल्याविषयी घरी नवऱ्याशी किंवा बायकोशीसुद्धा बोलायचे नाही, इतकेच काय, आपसांतही विचारविनिमयाची वेळ येईपर्यंत बोलायचे नाही. इंटरनेटवर आरोपीचे नाव, कायद्याचे कलम, घटनेची जागा काहीही शोधायचे नाही, आणि त्या रस्त्यावरून मुद्दाम चक्कर मारून पाहायचे नाही. दर गोष्ट गूगलवर ताडून पाहण्याची सवय लागलेल्यांना हा खरा उपवास घडतो. यामागचा विचार असा, की न्यायकक्षात मांडलेल्या पुराव्याला विरोधी वकील प्रश्न विचारू शकतो; तुम्ही घरी बसून वाचलेल्या मजकुराची उलटतपासणी कोणालाच करता येत नाही.

फौजदारी खटल्यात निर्णय १२ जणांनी द्यायचा असतो, पण मध्येच कोणी आजारी पडले तर खटला मोडू नये म्हणून न्यू जर्सीत सहसा दोन-चार माणसे जास्त बसवतात. राखीव कोण, ते सुरुवातीला कोणालाच माहीत नसते. सगळ्या साक्षी आणि दोन्ही वकिलांची भाषणे झाल्यावर, न्यायाधीशांनी कायदा समजावून सांगितला की चिठ्ठ्या काढून राखीव माणसे ठरवतात. सर्वांनी शेवटपर्यंत सारख्याच लक्षाने ऐकावे म्हणून ही पद्धत असणार. माझी चिठ्ठी राखीवात निघाली. साक्षीदारांचे चेहरे, नकाशावरच्या खुणा, वेळांचे घोळ हे सगळे डोक्यात घेऊन मला वेगळ्या खोलीत जाऊन बसावे लागले, आणि बंद दाराआडचे १२ जण काय बोलत असतील याचा विचार करण्यापलीकडे हाती काही उरले नाही. जाण्यापूर्वी ज्या मला हा दिवस नकोसा वाटत होता, त्या मला आता खोलीबाहेर राहावे लागल्याची चुटपुट लागली होती.

आत बसणाऱ्यांना काय ठरवायचे असते याविषयीही आपल्याकडे बऱ्याच भ्रामक कल्पना आहेत. शिक्षा किती द्यायची हे सर्वसाधारणपणे न्यायाधीश ठरवतात. ज्यूरीने फक्त आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे. आरोपीला आपले निरपराधित्व सिद्ध करावे लागत नाही आणि ‘बहुधा त्यानेच केले असावे’ एवढ्यावर त्याला दोषी धरता येत नाही. गंभीर फौजदारी खटल्यात दोषी ठरवायला एकमत लागते, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना लागू केले. एकमत झालेच नाही तर ज्यूरी विसर्जित होते आणि खटला पुन्हा चालवावा की नाही हे सरकार पक्ष ठरवतो. दिवाणी दाव्यात कसोटी सौम्य असते. तिथे कोणाचे पारडे थोडे तरी जड आहे ते पाहायचे, आणि न्यू जर्सीत सहांपैकी पाच जणांचे मत जुळले तरी निर्णय होतो.

महाराष्ट्रात ज्यूरी म्हटले की लोकांना नानावटी खटला आठवतो. मुंबईत १९५९ साली चाललेल्या त्या खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मताने कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे नानावटी दोषी ठरले. तो भारतातला शेवटचा ज्यूरीचा खटला, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरी चालू राहिली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पण इथे सांगायचा मुद्दा वेगळा आहे. नानावटी प्रकरणात जे घडले ते अमेरिकेत घडू शकत नाही. इथे ज्यूरीने एकदा आरोपीला निर्दोष ठरवले की न्यायाधीशाला ते कितीही चुकीचे वाटो, त्यावर अपील नाही. १२ सामान्य माणसांच्या हाती एवढी मोठी सत्ता दिलेली आहे, आणि ती वापरायला आपण गेलो नाही म्हणून ती रद्द होत नाही, दुसरे कोणी तरी वापरतेच.

ती दुसऱ्यांनीच वापरली तर काय होते हे तर आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’तले मराठी लेख हाच पुरावा होता आणि ते वाचून निर्णय द्यायला बसवलेल्या खास ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून. ७ विरुद्ध २ मताने टिळक दोषी ठरले आणि न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्यूरीचा कौल काहीही असला तरी मी निर्दोष आहे, असे टिळकांनी शिक्षा सुनावण्यापूर्वी सांगितले, ते आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. ज्यूरीवर कोण बसते, तिथे आपली भाषा आणि आपले जगणे कळणारे कोणी आहे की नाही, हा प्रश्न ज्या समाजाने एवढी किंमत देऊन अनुभवला, त्यानेच संधी आल्यावर ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून काढता पाय घ्यावा हे मला समजत नाही.

अमेरिकेतही ही जागा भारतीयांना सहज मिळालेली नाही. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ या व्याख्येत बसत नाही, म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला. १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने ती आडकाठी दूर होईपर्यंत भारतातून येऊन इथे स्थायिक झालेल्याला सहसा नागरिक होता येत नव्हते, आणि नागरिकत्वाविना ज्यूरीचा प्रश्नच नव्हता. आज एडिसन, इझेलिन या भागांत रस्त्याने चालताना दर चौथे दुकान आपल्या माणसाचे दिसते. त्या दुकानदारांवर दावे होतात, त्यांच्याकडे चोऱ्या होतात, आपली मुले अपघातात सापडतात. त्यांचे खटले ज्या १२ जणांसमोर चालतील त्यांत आपल्यापैकी कोणी असावे असे वाटत असेल, तर आपल्यापैकी कोणाला तरी त्या दालनात दिवसभर बसावे लागेल.

इथल्या महाराष्ट्र मंडळांना माझी एक सूचना आहे. मंडळे प्राप्तिकर, मृत्युपत्र, विमा या विषयांवर माहितीची सत्रे घेतात. तसे एक सत्र ज्यूरीच्या कामावर घ्यावे आणि ज्यांनी हे काम केले आहे अशा सभासदांनाच बोलायला सांगावे. आलेल्या प्रश्नावलीचा नमुना पडद्यावर दाखवून नागरिकत्वाचा रकाना कसा भरायचा, मुदत कशी मागायची, सूट कोणत्या कारणांसाठी मिळते एवढे तासाभरात समजावता येईल. व्हिसावर असलेल्या तरुणांनाही त्याला अवश्य बोलवावे.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट, जी इथे पाहुणे म्हणून आलेल्या आई-वडिलांनाही ठाऊक असावी, कारण दुपारी घरचा फोन तेच उचलतात. ‘तुमच्या मुलाने ज्यूरीचे समन्स चुकवले आहे, अटकेचे वॉरंट निघाले आहे, आत्ता दंड भरला नाही तर पोलिस येतील’ असे सांगणारे फोन अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून येत आहेत. बोलणारा स्वतःला पोलिस अधिकारी म्हणवतो, खऱ्या न्यायाधीशाचे नाव घेतो, फोनवर न्यायालयाचाच क्रमांक उमटेल अशी करामतही करतो आणि पैसे गिफ्ट कार्डांनी किंवा क्रिप्टोने भरायला सांगतो. न्यायालय फोनवरून दंड मागत नाही आणि बँकेचा किंवा सोशल सिक्युरिटीचा क्रमांकही फोनवर विचारत नाही. असा फोन आल्यास काहीही न सांगता ठेवून द्यावा आणि मुलांनी समन्सच्या कागदावर छापलेल्या ज्यूरी कचेरीच्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करून घ्यावी.

कळावे,

आपली नियमित वाचक,
एडिसन, न्यू जर्सी (मूळ गाव सांगली)